केसतूड पिळू नका



आज ज्या दुखण्याविषयी बोलायचं आहे ते दिसायला अगदी लहान. मांडीवर, काखेत, मानेवर, नाहीतर बसायच्या जागी एक लालसर पुळी येते. पहिल्या दिवशी ती हुळहुळते, दुसऱ्या दिवशी ठणकू लागते, आणि चवथ्या दिवशी माणसाला धड बसवत नाही की झोपवत नाही. हिला आपण केसतूड म्हणतो. आकारानं वाढलं की गळू, कुठं करट. पापणीच्या कडेला आलं की रांजणवाडी. नावं वेगळी असली तरी गोत्र एकच.

केसतूड हे नाव मोठं बोलकं आहे. त्यात केस आधीच आला. आपला एकेक केस कातडीत नुसता रोवलेला नसतो; तो एका अरुंद, खोल खळग्यातून वर येतो. त्या खळग्याच्या कडेला एक बारीकशी तेलाची पिशवी असते. तिच्यातलं तेल केसाला आणि कातडीला मऊ ठेवतं. केस ओढला गेला, मुळाशी तुटला, त्या जागी कापड घासलं, घाम आणि मळ साचून तोंड बुजलं, म्हणजे खळग्यात जंतूंना घर मिळतं. हीच केसतुडाची सुरुवात. तळहात आणि तळपाय इथं केस नसतात, म्हणून तिथं केसतूड कधी होत नाही. तिथं पू झाला तर काटा, कूस किंवा जखम शोधावी. शिक्षकांनी हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. मुलं आपले हात उलटसुलट करून पाहतील आणि उत्तर त्यांना आपोआप सापडेल.

आता हा जंतू कोणता? स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना गोल गोल जंतू द्राक्षाच्या घडासारखे एकमेकांना चिकटलेले दिसले. ग्रीक भाषेतल्या द्राक्षाच्या घडाच्या शब्दावरून त्यांनी १८८२ साली त्यांचं नाव ठेवलं स्टॅफिलोकॉकस. त्याच १८८० साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांना गळवातल्या पुवात आणि हाडाच्या आत झालेल्या पुवात सारखेच जंतू आढळले. तेव्हा हाडाचं ते दुखणं म्हणजे हाडातलं गळूच, असं त्यांनी सांगितलं. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कातडीवर पुळी करणारा जंतू रक्तात शिरला तर हाडात, फुप्फुसात, हृदयात जाऊन बसू शकतो.

पण म्हणून घाबरून जायचं कारण नाही. हा जंतू परका नव्हे. दर १० माणसांत सुमारे ३ माणसांच्या नाकात तो मुक्कामाला असतो, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. नाकात बोट घातलं आणि त्याच बोटानं मान खाजवली, की जंतूची बैलगाडी एका गावाहून दुसऱ्या गावाला गेली असं समजा. कातडी धड असेल तर तो बाहेरच राहतो. कातडी सोलली, खरचटली, घासली, की त्याला दार उघडं.

हे दार आपल्या भागात कसं उघडतं ते पाहा. येरमाळ्याचंच उदाहरण घेऊ. धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातलं, बालाघाटच्या डोंगररांगांतलं हे गाव. येडेश्वरी देवीचं ठाणं म्हणून सगळ्या मुलखाला ठाऊक. चैत्री पौर्णिमेची यात्रा भरते तेव्हा लांबलांबून माणसं येतात, रानात चुनखडीचे खडे वेचतात, देवीची पालखी आमराईत जाते. दिवस ऐन उन्हाळ्याचे. ऊन रखरखीत, अंग घामानं निथळलेलं, गर्दीत अंगाला अंग घासतं, आणि पाणी मात्र मापाचं. घाम, घर्षण आणि पाण्याची टंचाई ही तिन्ही एकत्र आली की केसतुडाला दुसरं निमंत्रण लागत नाही.

तिथून पुढं पावसाळा सरला, दसरा-दिवाळी झाली, की आपल्या या भागातल्या पुष्कळ घरांना कुलूप लागतं. माणसं ऊसतोडीला जातात. उसाच्या पाल्याला करवतीसारखी धार आणि बारीक कूस असते. दिवसभर हात, मान, पोटऱ्या ओरबाडल्या जातात. डोक्यावर आणि मानेवर मोळी घासते. कमरेला धोतराचा, लुगड्याचा किंवा पँटच्या पट्ट्याचा काच. रात्री कोपीत परतावं तर अंघोळीला बादलीभर पाणीही मिळण्याची मारामार. अशा माणसाच्या काखेत गळू झालं तर कोयता उचलत नाही. कोयता उचलला नाही तर त्या दिवसाची मजुरी गेली, आणि घेतलेली उचल तर फेडायचीच असते. मग तो काय करतो? सुई किंवा बाभळीचा काटा घेतो, गळू टोचतो आणि दोन अंगठ्यांनी जोर लावून पिळतो. त्याची निकड खरी आहे. पण हा उपाय त्याला कामावर लवकर परत नेत नाही. पुष्कळ वेळा उशिराच नेतो. कसं ते सांगतो.

केसाच्या मुळाशी जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर धावून जातात. झुंजीत मेलेल्या पेशी, मेलेले जंतू आणि विरघळलेलं मांस मिळून पू होतो. या पुवाभोवती शरीर एक भिंत उभी करतं. आपण शेताला बांध घालतो, पाणी भलतीकडं जाऊ नये म्हणून, तशीच ही भिंत. हळूहळू वरच्या बाजूची कातडी पातळ होते, गळवाला तोंड पडतं, पू आणि मधलं बी बाहेर येतं, आणि खड्डा भरून निघतो. आता हिरवं गळू पिळलं म्हणजे काय होतं? वरून तोंड तयार नसतं. जोर लागतो तो आतल्या बांधाला. बांध आतून फुटतो, पू आजूबाजूच्या मांसात पसरतो, कधी थेट रक्तात जातो. एकाच्या जागी चार गळवं उठतात. काखेत, जांघेत अवधाण येतं. थंडी वाजून ताप भरतो. चार दिवसांचं दुखणं पंधरा दिवसांवर जातं.

चेहऱ्यावरच्या पुळीला तर हात लावूच नये. नाकाच्या वरच्या टोकापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत मनात एक त्रिकोण काढा. या त्रिकोणातल्या रक्तवाहिन्या डोळ्यांच्या मागून कवटीतल्या रक्तवाहिन्यांना जाऊन मिळतात. इथली पुळी पिळली किंवा नाकातला केस उपटून तिथं केसतूड केलं, तर क्वचित का होईना, जंतू मेंदूच्या बाजूला जाऊन जिवावर बेतू शकतं. नाकातले केस फार वाढले तर कात्रीनं कापावेत, उपटू नयेत.

मग करायचं काय? उपाय सोपा आहे. त्याला पैसा थोडा आणि धीर जास्त लागतो. स्वच्छ सुती कापडाची घडी सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवावी, पिळावी आणि गळवावर ठेवावी. थंड झाली की पुन्हा बुडवावी. असं १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. ठेवण्याआधी कापड आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावं. लहान मुलाला, म्हाताऱ्याला आणि मधुमेह असलेल्याला पटकन भाजतं. या शेकानं त्या जागी रक्त जास्त येतं, ठणका कमी होतो आणि गळू आपणहून लवकर पिकून फुटतं. आपल्या आजीबाई पोटीस बांधत त्यात हेच गमक होतं. गुण उबेचा. म्हणून पोटिसापेक्षा साधं गरम पाणी बरं. ते स्वच्छ असतं आणि भाजण्याची भीतीही कमी.

गळू फुटलं की साबणानं हात धुऊन पू स्वच्छ फडक्यानं टिपून घ्यावा. दाबू नये. जागा साबणपाण्यानं धुवावी आणि उकळून उन्हात वाळवलेल्या फडक्याची पट्टी सैलसर बांधावी. पट्टी भिजली की बदलावी. पुवाची पट्टी अंगणात टाकू नये, जाळावी किंवा पुरावी. आणि मग पुन्हा हात धुवावेत. हात धुण्याचं हे पहिलं आणि शेवटचं काम विसरलं की बाकीचं सगळं वाया.

काय लावू नये हेही सांगायला हवं. शेण, माती, राख, चुलीतली काजळी गळवावर लावू नये. मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. बिब्बा लावू नये. त्याचं तेल कातडी जाळतं आणि लहान गळवाची मोठी जखम होते. गुळात चुना कालवून लावण्याची चाल आहे. तो चुनाही कातडी भाजतो. दुकानातून पांढरं मलम आणून चोळण्याची नवी चाल पडली आहे. यातल्या पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असतं. त्यानं लाली आणि खाज दोन दिवस दबते, पण शरीराची झुंजही दबते आणि जंतू आतल्या आत माजतात. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारनं २०१८ साली केला, तो याच कारणानं.

आता थोडं औषधाविषयी. लंडनमध्ये १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग हे याच द्राक्षघडी जंतूंवर काम करीत होते. एका तबकडीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जंतू मेलेले दिसले. त्यातून पेनिसिलिन निघालं. १९४१ साली ऑक्सफर्ड इथं एका पोलीस शिपायाला ते प्रथम दिलं गेलं. चेहऱ्यावरच्या लहानशा जखमेत जंतू शिरून त्याचं सगळं अंग पुवानं भरलं होतं. औषधानं त्याला उतार पडला, ताप गेला, तो जेवू लागला. पण औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून गाळून पुन्हा त्यालाच द्यावं लागलं. अखेर तेही संपलं आणि तो दगावला. पुढं आपल्या महाराष्ट्रातच, पुण्याजवळ पिंपरीला, १९५४ साली सरकारनं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला आणि पेनिसिलिन देशात तयार होऊ लागलं.

ही हकीगत सांगण्याचं कारण असं, की आज औषधाचा तुटवडा नाही, तरी त्या शिपायासारखी पाळी आपण स्वतःवर ओढवून घेतो. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, दोन दिवसांत ठणका थांबला, की उरलेल्या गोळ्या फळीवर जातात. पुढच्या वेळी शेजाऱ्याला दिल्या जातात. यात जे जंतू चिवट ते वाचतात आणि त्यांचीच पैदास होते. आज गळवातल्या बहुतेक जंतूंना साधं पेनिसिलिन चालत नाही. काही तर त्याहून भारी औषधांनाही दाद देत नाहीत. म्हणून साध्या एकट्या गळवाला आपल्या मनानं गोळ्या घेऊ नयेत, आणि डॉक्टरांनी दिल्या तर मात्र एकही गोळी राखून ठेवू नये.

डॉक्टरांकडं केव्हा जावं? गळू नाक, ओठ किंवा डोळ्याजवळ असेल तर पहिल्याच दिवशी. ताप आला, लाली झपाट्यानं पसरू लागली, गळवापासून वर जाणारी लाल रेघ दिसली, तर त्याच दिवशी. तान्ह्या मुलाला, बाळंतिणीला, फार म्हाताऱ्या माणसाला झालं तर वाट पाहू नये. आठवडाभर शेकूनही फुटलं नाही तर डॉक्टर निर्जंतुक हत्यारानं चीर देतात. चिरेची भीती वाटते खरी, पण ती चीर वरच्या बाजूनं, योग्य जागी आणि योग्य वेळी असते. काट्यानं टोचण्यात आणि तिच्यात हाच फरक.

आणखी एक. चाळिशी उलटलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा गळवं होऊ लागली, किंवा मानेवर अनेक तोंडांचं मोठं गळू आलं, तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. मधुमेहाची पहिली वर्दी कित्येकदा गळूच देतं. अनेक तोंडांच्या या गळवाला लोक काळपुळी म्हणतात. पण त्याच नावाचं एक निराळं दुखणं आहे, ते जनावरांच्या फाशी रोगातून येतं. एकाएकी मेलेलं जनावर सोललं, तर पुढं काही दिवसांत हाताला फोड येतो, त्यावर काळी खपली धरते, भोवती सूज येते, आणि नवल असं की तो फारसा दुखत नाही. न दुखणारी काळी खपली दिसली तर ते केसतूड नव्हे असं समजून लगेच दवाखाना गाठावा. एकाएकी मेलेलं जनावर सोलूच नये.

काही समजुतींचाही विचार करू. ‘अंगातली उष्णता बाहेर पडते’, ‘आंबे खाल्ले म्हणून गळवं झाली’, ‘रक्त बिघडलं’ असं आपण म्हणतो. ही समजूत अगदीच आकाशातून पडलेली नाही. आंब्याचे दिवस आणि घामाचे दिवस एकच. पण दोष घामाचा, घासण्याचा आणि मळाचा; आंब्याचा नव्हे. आंब्याचा चीक कातडीला लागून फोड येतात, ते खरं. तो चीक धुऊन टाकावा आणि आंबा खुशाल खावा. मूल अशक्त असेल तर त्याला खाऊ घालायचं, खाणं तोडायचं नाही.

आता प्रतिबंध. पाणी थोडं असलं तरी तो करता येतो. सगळं अंग धुण्याइतकं पाणी नसेल तर काखा, जांघा, मान आणि कंबर एवढ्या जागा एका तांब्यात साबणानं धुऊन निघतात. हात बादलीत बुडवून धुऊ नयेत. वरून धार धरावी. घामाचे कपडे त्याच दिवशी धुवावेत. तेवढं पाणी नसेल तर निदान उलटे करून कडक उन्हात टाकावेत, आणि अंगाला लागून असलेला कपडा तरी बदलावा. ज्याला गळू आहे त्याचा पंचा, चादर आणि साबण वेगळा. घरात एकापाठोपाठ एक अशी सगळ्यांनाच गळवं होऊ लागली तर जंतू कुणाच्या तरी नाकात मुक्काम करून आहे असं समजावं. त्यासाठी डॉक्टर नाकात लावायचं मलम देतात. ट्रॅक्टर, पंप किंवा महामार्गावरच्या गॅरेजवर काम करणाऱ्यांच्या हातामांड्यांवर बारीक पुळ्या येतात, त्या तेल आणि वंगणानं. डिझेलनं भिजलेली पँट अंगावर वाळू देऊ नये.

हजामतीची गोष्ट महत्त्वाची. दाढीआधी कोमट पाण्यानं आणि साबणानं केस मऊ करावेत, केस ज्या बाजूला वळले आहेत त्याच बाजूनं पातं फिरवावं, एकाच जागी खरवडू नये. जत्रेत नवसाची जावळं निघतात, एका बैठकीत कित्येक डोकी होतात. प्रत्येक डोक्याला नवं पातं हवंच. जुन्या पात्यानं केसतूड तर होतंच, पण रक्तातून जाणारी कावीळ आणि एड्ससारखे रोगही पसरू शकतात. नाभिक बंधूंना हे ठाऊक आहे. गिऱ्हाइकानं आग्रह धरला की त्यांनाही बळ येतं. पात्याचे पैसे वेगळे द्यावे लागले तर आनंदानं द्यावेत.

शेवटी शिक्षकांसाठी. एका मुलाच्या हाताला खडूची पूड लावा आणि त्याला नेहमीसारखं वर्गात वावरू द्या. अर्ध्या तासानं पूड कुठं कुठं पोचली ते मुलांनाच शोधू द्या. दप्तर, दाराची कडी, पाण्याच्या माठाचं ओगराळं, शेजाऱ्याची मान, सगळीकडं पांढरे ठसे दिसतील. त्यानंतर जंतू म्हणजे काय हे निराळं शिकवावं लागत नाही. आठवड्यातून एकदा नखं पाहा. डोक्यात उवा किंवा बोटांच्या बेचक्यांत खरूज असेल तर आधी ती बरी व्हायला हवी, कारण खाजवण्यातूनच पू धरतो. आणि खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं असतं. गळू झालेल्या मुलाला घरी पाठवू नका. ते पट्टीनं झाकलं असेल आणि मुलाला ताप नसेल, तर ते मूल वर्गात बसू शकतं. त्याला कुणी चिडवणार नाही एवढं मात्र बघा.

ऊसतोडीला निघणाऱ्या घरांनी गाठोडं बांधताना आणखी चार वस्तू आठवणीनं घालाव्यात: साबणाच्या दोन वड्या, प्रत्येकाला वेगळा पंचा, उकळून वाळवलेल्या जुन्या धोतराच्या पट्ट्या, आणि शेकासाठी पाणी तापवायला एक लहान पातेलं. मुकादमांनी आणि कारखान्यांनी कोपीवर धुण्याचं पाणी पुरवलं तर कोयते कमी दिवस बंद राहतील, हा हिशेब त्यांनाही पटावा असा आहे. आणि गळू ठणकू लागलं, हात आपोआप त्याच्याकडं जाऊ लागला, की सुई शोधण्याआधी चुलीवर पाणी ठेवा.